विरळ किनाऱ्याचा हिशेब

२०१५ सालच्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅट्रिशिया नावाचे जे चक्रीवादळ चालून आले, त्याच्याइतके प्रबळ वादळ पश्चिम गोलार्धात तोपर्यंत कोणी मोजलेले नव्हते. चोवीस तासांच्या अवधीत त्याच्या वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे १९५ किलोमीटरांनी वाढला, वाढत वाढत तो ताशी ३४५ किलोमीटरांपर्यंत गेला, आणि केंद्रातील वायुभार ८७२ मिलिबारपर्यंत उतरला. एका बाजूस मान्सानिल्यो हे प्रशांत महासागरावरील मोठे व्यापारी बंदर, दुसऱ्या बाजूस पुएर्तो वायार्ता हे पर्यटकांनी गजबजलेले नगर, आणि या दोहोंच्या मध्ये अरण्य, केळीच्या बागा, तुरळक खेडी व धनाढ्यांचे काही विहारमहाल, असा तो मुलूख. २३ तारखेच्या सायंकाळी हे वादळ बरेचसे क्षीण होऊन नेमके त्या मधल्या भागात, कुईश्माला या ठिकाणी भूमीवर आले. दोन्ही शहरे बचावली. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिसऱ्या दिवशी बातमीच संपली. ज्या खेड्यांची छपरे उडाली होती व ज्यांच्या बागा आडव्या झाल्या होत्या, त्यांच्या वाट्यास फार तर एखादे छायाचित्र आले.

एखाद्या महानगरावर कोसळू पाहणारी आपत्ती दोन शहरांमधल्या मोकळ्या जागेत जिरली, तर समाधान मानू नये असे कोण म्हणेल? लाखो माणसांचे प्राण वाचणे ही गोष्ट हजारोंचे प्राण वाचण्याहून मोठी आहे, आणि ती तशी मानण्यात कोणताही अधर्म नाही. माझी तक्रार त्या निःश्वासाविषयी नसून, तो टाकून झाल्यावर जे दफ्तर बांधून ठेवले जाते त्याविषयी आहे. वादळ येण्यापूर्वी ज्या किनाऱ्याकडे थोडी वस्ती म्हणून लक्ष गेले नाही, वादळ येऊन गेल्यावर त्याच कारणास्तव त्याचे नुकसान थोडे ठरते, आणि थोडे नुकसान झाले म्हणून पुढच्या वादळाच्या बंदोबस्तासाठी तेथे थोडाच पैसा खर्च होतो. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्या किनाऱ्याचे दारिद्र्य हेच त्याच्या उपेक्षेचे समर्थन होऊन बसते.

हे चक्र ज्यांना डोळ्यांसमोर फिरताना पाहायचे असेल, त्यांनी मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाचा पूर्व किनारा पाहावा. देशाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ निम्मा भाग या कॅरिबियन प्रदेशाने व्यापलेला आहे, पण लोकसंख्येचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा तेथे राहतो. मिस्किटो, मायान्ग्ना, रामा, गॅरिफुना हे लोक आणि आफ्रिकी वंशाचे क्रिओल यांचा हा मुलूख स्पॅनिश सत्तेच्या हाती खऱ्या अर्थाने कधी लागलाच नाही. इंग्रजांच्या छत्राखाली मिस्किटो राजे येथे नांदले. १८४९ पासून मोराव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी येथे देवळे व शाळा उभारल्या. १८६० च्या तहाने इंग्रज मागे सरले, आणि १८९४ साली राष्ट्राध्यक्ष सेलाया यांनी फौज पाठवून हा प्रदेश मानाग्वाच्या अमलाखाली आणला. तेव्हापासून राजधानी आणि हा किनारा यांचा संबंध दूरच्या जहागिरीसारखाच राहिला: पाइनचे लाकूड, सोने, केळी, झिंगे यांचा वसूल तिकडे जावा, आणि रस्ते, दवाखाने, तारायंत्रे इकडे यावीत तेव्हा यावीत. १९८७ साली स्वायत्ततेचा कायदा झाला, २००३ साली सामुदायिक जमिनीच्या मालकीचा कायदाही झाला. पण उत्तरेकडील मुख्य ठाणे जे बिल्वी, म्हणजेच पुएर्तो काबेसास, तेथवर राजधानीतून जाणारा रस्ता पावसाळ्यात आजवर किती वेळा चिखलात गडप झाला असेल याची गणती कोण ठेवतो?

या किनाऱ्याची रचनाच वादळाला आमंत्रण देणारी आहे. भूमी अगदी सखल. समुद्र आणि खारकच्छ यांच्या मध्ये वाळूचा अरुंद पट्टा, त्यावर नारळी आणि खांबांवर उभारलेली लाकडी घरे. मागे खाजण, त्यामागे पाइन वृक्षांची माळराने, आणि त्याहीपलीकडे नद्यांच्या काठी भात व कसावा यांची शेते. समुद्राचा तळ किनाऱ्यापासून फार दूरवर उथळच राहतो, आणि उथळ तळावरून येणारे वाऱ्याने लोटलेले पाणी खाली उतरावयास जागा न मिळाल्यामुळे वर चढते, हे तत्त्व बंगालच्या उपसागराच्या कृपेने आपणा भारतीयांस फार महाग पडून कळलेले आहे. किनाऱ्यापासून पन्नासएक किलोमीटरवर मिस्किटो केज नावाच्या लहान लहान बेटांचा पुंजका आहे. तेथे पाण्यातच खांब रोवून बांधलेल्या खोपट्यांत कोळी आणि पाणबुडे आठवडेच्या आठवडे राहतात, शेवंड धरतात, आणि किनाऱ्यावरून आलेल्या व्यापारी बायका तो माल तेथेच विकत घेतात. या पाणबुड्यांपैकी शेकडो जण पुरेशा साधनांवाचून खोल पाण्यात वारंवार उतरल्यामुळे पंगू झालेले आहेत. परदेशांतील उपाहारगृहांच्या मेजांवर येणाऱ्या त्या शेवंडीचा हा एक जमाखर्च, वादळाशिवायचा.

आता या लोकांची वस्ती विरळ का, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण नकाशावर जी मोकळी जागा दिसते, ती रिकामी असतेच असे नाही. एकाच मिस्किटो कुटुंबाची नारळाची बाग वाळूच्या पट्ट्यावर, भाताचे शेत नदीच्या वरच्या अंगास, मासेमारी कच्छात, कर्ता मुलगा बेटावर, आणि घरासाठी लागणारे लाकूड सामुदायिक रानात, असा एका घराचा संसार चाळीस-पन्नास किलोमीटरांत पसरलेला असतो. दर चौरस किलोमीटरास माणसे थोडी दिसतात याचा अर्थ असा, की प्रत्येक माणसाचे जगणे अधिक भूमीवर व अधिक पाण्यावर अवलंबून आहे, आणि म्हणून एकच वादळ त्याची बाग, शेत, होडी, रान व घर ही सर्व एका रात्रीत हिरावून घेऊ शकते. शहरातील माणसाचे घर पडले तरी त्याची नोकरी बहुधा उभी असते. या माणसाच्या बाबतीत घर, नोकरी, कोठार आणि बँक ही एकाच वाऱ्याच्या वाटेवर उभी असतात.

२००७ सालच्या सप्टेंबरात फेलिक्स नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा हेच झाले. ३१ ऑगस्टला जन्मलेले हे वादळ ग्रेनाडाजवळून कॅरिबियन समुद्रात शिरले आणि २ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीस पोहोचले. जगाचे लक्ष होंडुरासकडे लागले होते, आणि ते साहजिकही होते. कारण १९९८ च्या मिच वादळाने तेथे व निकाराग्वात मिळून अकरा हजारांच्या आसपास माणसे मारली होती, ती स्मृती अद्याप ताजी होती. होंडुरासच्या रोआतान बेटावरून पर्यटकांस विमानांनी हलविण्यात येत होते. ज्यांना विमान धाडावे असे कोणी पर्यटक मिस्किटो केजवर नव्हते. तेथील पुष्कळांस इशारा उशिरा मिळाला, काहींस मिळालाच नाही, आणि ज्यांना मिळाला त्यांच्यापुढे प्रश्न होता की पन्नास किलोमीटरांचा खवळलेला समुद्र एका लहानशा होडीतून, ज्यात आधीच माणसे मावत नाहीत, ओलांडावा कसा. ४ सप्टेंबरच्या पहाटे फेलिक्स बिल्वीच्या उत्तरेस पुंता गोर्दा येथे ताशी २६० किलोमीटर वेगाने भूमीवर आले. सँडी बे, क्रुकिरा यांसारखी गावे उद्ध्वस्त झाली, अफाट क्षेत्रातील अरण्य भुईसपाट झाले, आणि किमान १३० माणसे मेली. त्यांतील पुष्कळशी समुद्रावरची होती; कित्येकांची प्रेते वाहत वाहत होंडुरासच्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वी दोनच आठवडे, २१ ऑगस्टला, डीन नावाचे असेच पाचव्या श्रेणीचे वादळ मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर माहाउआल या गावाजवळ आदळले होते, तेही विरळ वस्तीच्याच भागात. एकाच मोसमात अटलांटिकातील दोन वादळांनी सर्वोच्च श्रेणीत असताना भूमी गाठावी, असे तोवरच्या नोंदींत कधी घडलेले नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात त्या वर्षाची नोंद ठळक अक्षरांत झाली. लौकिक स्मृतीत मात्र ते वर्ष राहिले नाही, आणि दोन वर्षांपूर्वीचे न्यू ऑर्लिन्सचे कतरिना आजही सर्वांना पाठ आहे, जरी भूमीवर येताना त्याचा वेग या दोन्ही वादळांहून कमी होता.

येथे श्रेणींविषयी थोडे विषयांतर करतो. चक्रीवादळांच्या ज्या पाच श्रेणी आपण बातम्यांत ऐकतो, त्यांचा उगम हर्बर्ट सॅफिर नावाच्या एका स्थापत्य अभियंत्याच्या कामात आहे. १९६९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांसाठी वादळग्रस्त प्रदेशांतील स्वस्त घरांचा अभ्यास करीत असता, किती वाऱ्याने कोणते घर कसे मोडते याची एखादी साधी मोजपट्टी हवी असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे रॉबर्ट सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञांनी तीत भर घातली. म्हणजे ही मोजपट्टी मुळात गरिबाच्या घराची काळजी करताना जन्मास आली, आणि आज ती बहुधा विमा कंपन्यांच्या कोष्टकांत व दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वावरते. तिच्यात केवळ वाऱ्याचा वेग मोजला जातो. समुद्राचे चढणारे पाणी आणि आकाशातून पडणारे पाणी यांना तीत स्थान नाही. वेग दुप्पट झाला की भिंतीवरील दाब चौपट होतो, हे खरे. परंतु खांबांवरच्या लाकडी घराला चौपट दाबाची वाट पाहावी लागत नाही. बांधकामाचे नियम पाळणाऱ्या शहरात तिसऱ्या श्रेणीचे वादळ ही तक्रारीची बाब असते, तर वाळूच्या पट्ट्यावरील गावात तीच सर्वनाशाची. मोजपट्टी एकच, परंतु मोजावयाची वस्तू निराळी.

फेलिक्सनंतर तेरा वर्षांनी, २०२० साली, या किनाऱ्यावर जे गुदरले ते अपूर्वच म्हटले पाहिजे. त्या वर्षी अटलांटिकात तीस वादळांना नावे द्यावी लागली. नेहमीची नावांची यादी संपली, ग्रीक अक्षरे काढावी लागली, आणि त्यांतील एटा हे वादळ ३ नोव्हेंबरला बिल्वीच्या दक्षिणेस चौथ्या श्रेणीत येऊन आदळले. लोक निवाऱ्यांतून परतून पत्रे गोळा करीत होते, ओल्या तांदळाला ऊन दाखवीत होते, तोच तेराव्या दिवशी, १६ नोव्हेंबरच्या रात्री, आयोटा हे दुसरे वादळ पहिल्याच्या जागेपासून अवघ्या पंचवीसएक किलोमीटरांवर, ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने घुसले. हॉलओव्हर नावाचे गाव समुद्र आणि कच्छ यांच्या मधल्या पट्टीवर वसलेले होते. एटाने घरे मोडली होती. आयोटाने त्या पट्टीतूनच समुद्राला वाट काढून दिली. तहसिलीच्या भाषेत बोलावयाचे, तर तेथे पंचनामा करण्याजोगी जमीनही उरली नाही.

तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. २००७ च्या मानाने २०२० मध्ये किनाऱ्यावरील जीवितहानी फारच थोडी झाली. हजारो माणसांस आधीच हलविण्यात आले होते, होड्या परत बोलावण्यात आल्या होत्या, देवळे व शाळा यांचे निवारे झाले होते. सर्वांत मोठा घात किनाऱ्यापासून दूर, डोंगरात झाला: ग्वातेमालातील केहा या खेड्यावर एटाच्या पावसाने दरड कोसळली, आणि निकाराग्वातच मातागाल्पा प्रांतातील पेन्यास ब्लांकास डोंगराची कडा आयोटाच्या पावसात घसरून खालच्या माणसांवर आली. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, विरळ किनाऱ्यावरही माणसे वाचविता येतात, ठरविले तर. फेलिक्सचे मृत्यू हे भूगोलाने लिहून ठेवलेले नव्हते. दुसरी, माणसे वाचली म्हणजे काम संपले असे समजणे चूक आहे; कारण वाचलेला माणूस जेथे परत जातो तेथे त्याची बाग, बियाणे, जाळी, होडी यांपैकी काहीच नसेल, तर त्याला आपण वाचविले ते नेमके कशासाठी, हा प्रश्न तो उघडपणे विचारीत नसला तरी आपण स्वतःस विचारला पाहिजे.

आयोटा निकाराग्वात पोहोचण्यापूर्वी कोलंबियाच्या प्रोव्हिदेन्सिया बेटाला घासून गेले होते. पाचएक हजार वस्तीचे ते बेट. तेथील घरे, रस्ते, दवाखाना, वीज यांपैकी शेकडा ९८ गोष्टींची नासधूस झाली. शंभर दिवसांत बेट पुन्हा उभारू, असे अभिवचन राष्ट्राध्यक्षांनी दिले, आणि ते पाळले गेले नाही. शेकडा ९८! हा आकडा एखाद्या राजधानीच्या बाबतीत उच्चारला गेला असता, तर देशोदेशींच्या वकिलाती हलल्या असत्या. पण कोलंबियाच्या राष्ट्रीय उत्पन्नात त्या बेटाचा वाटा दशांश चिन्हानंतर कुठेतरी असल्यामुळे, संपूर्ण नाश हा देशाच्या ताळेबंदात किरकोळ नुकसान म्हणून बसतो. माझ्या मते सगळ्या अन्यायाचे मूळ या भाजकात आहे. नुकसानीला देशाच्या संपत्तीने भागले की ते नगण्य होते, आणि ज्याचे नुकसान झाले त्या समाजाच्या संपत्तीने भागले की ते जवळजवळ एक येते. भागाकार दोन्ही बरोबर आहेत. कोणता करावयाचा हे मात्र गणित सांगत नाही, ते राज्यकर्त्यास ठरवावे लागते.

येथे अर्थशास्त्री म्हणतील की तिजोरी मर्यादित आहे, आणि एका निवाऱ्यात जेथे दोन हजार माणसे मावतील तेथे तो बांधणे हे, जेथे दोनशेच येतील तेथे बांधण्याहून शहाणपणाचे आहे. हा आक्षेप हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही. १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यानंतर ओडिशाने किनाऱ्यावर निवारे बांधले, स्वयंसेवक तयार केले, आणि २०१३ साली फायलिन आले तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे हलवून प्राणहानी शंभराच्या आत ठेवली. त्या यशात दाट वस्तीचा वाटा होताच, कारण एक निवारा, एक रस्ता व एक कर्णा पुष्कळांस पुरत होता. विरळ किनाऱ्यावर ही तजवीज जशीच्या तशी नेली, तर ती दरडोई महाग पडेल यात संशय नाही. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष, तेथे तजवीजच करू नये, असा नसून तेथे तजवीज निराळी करावी, असा आहे. पन्नास किलोमीटरांवरील बेटावरच्या कोळ्याला काँक्रीटच्या इमारतीहून त्याच्याच मिस्किटो भाषेत बोलणारा रेडिओ, वेळेवर किनाऱ्याला आणणारी एक मोठी बोट, आणि माल टाकून आलो तरी पोट भरेल अशी थोडी हमी अधिक उपयोगी आहे. यांतील शेवटची बाब सरकारी योजनांतून नेहमी सुटते. कोळी जागचा हलत नाही याचे कारण पुष्कळदा त्याचे अज्ञान नसते. पकडलेली शेवंड आणि उधारीवर घेतलेले इंजिन सोडून यावयाचे, तर त्या उधारीचे काय, हा त्याचा सरळ व्यवहारी सवाल असतो.

अज्ञानाचा आरोप करण्यापूर्वी आणखीही एक गोष्ट आठवावी. १९८२ च्या आरंभी निकाराग्वाच्या सान्दिनिस्ता सरकारने युद्धाचे कारण पुढे करून कोको नदीकाठच्या हजारो मिस्किटो लोकांस त्यांच्या गावांतून जबरीने उठविले, गावे जाळली, आणि तास्बा प्री नावाच्या वसाहतींत नेऊन ठेविले. ज्यांच्या आईबापांनी फौजेच्या हुकुमाने घर सोडले आणि परत आल्यावर राखच पाहिली, त्यांना पुढे कोणी गणवेशधारी येऊन, वादळ येत आहे, गाव सोडा, असे सांगू लागला, तर त्यांच्या मनात प्रथम काय उमटत असेल? माझा समज असा, की विरळ आणि उपेक्षित किनाऱ्यावर सर्वांत दुर्मिळ असलेली वस्तू म्हणजे विश्वास, आणि ती वादळाच्या आदल्या रात्री जहाजाने पाठविता येत नाही. गावचा न्यायाधीश, ज्यास तेथे विहता म्हणतात, किंवा देवळातला पाद्री जे दोन वाक्यांत साधतो, ते राजधानीच्या दहा परिपत्रकांनी साधत नाही. त्या दोघांच्या हाती इशारा एक दिवस आधी पडेल अशी व्यवस्था करणे, याला खर्च तरी किती येतो?

आणि वेळ दिवसेंदिवस कमी मिळत जाणार, हेही ध्यानात धरले पाहिजे. वादळ आपली शक्ती उबदार समुद्रातून घेते; पाण्याची वाफ वर जाऊन तिचे ढग होताना जी उष्णता सुटते, तीच त्याचे इंधन. समुद्र तापत चालला आहे, आणि गेल्या चार दशकांत तीव्र श्रेणीच्या वादळांचे प्रमाण वाढले असण्याचा संभव मोठा आहे, असा निर्वाळा हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने दिलेला आहे. अधिक भीती आहे ती एका रात्रीत बळावणाऱ्या वादळांची. पॅट्रिशियाने चोवीस तासांत जे रूप पालटले, तसेच २०२३ साली ओतिस वादळाने अकापुल्को शहरापुढे पालटले, आणि हाताशी सर्व साधने असलेले ते नगरही बेसावध सापडले. मग ज्या गावात वीज नाही आणि बातमी होडीने येते, तेथील माणसाने सावध कसे व्हावे?

हा सगळा विचार आपल्या दाराशीही येऊन ठेपतो, तो केवळ साम्य दाखविण्यासाठी नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले. त्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे फेलिक्सच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा तुलना बेताबेतानेच केली पाहिजे. पण त्या दिवशी दुपारनंतर जो शब्द सर्वांच्या तोंडी होता, तो होता, मुंबई वाचली. मुंबई खरोखरच वाचली, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली येथील वाड्या गेल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी नावाजलेली आहे, तिची पोफळ लावल्यापासून फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात; नारळाचेही तसेच; आंब्याचे जुने झाड तर आज्याने लावावे आणि नातवाने विकावे. कित्येक गावांत पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती, आणि टाळेबंदीमुळे मुंबईचा पैसाही गावाकडे येत नव्हता.

भरपाईचा दर सरकारने वाढविला, हे मान्य केले पाहिजे. फळबागांसाठी तो हेक्टरी ५० हजार रुपये करण्यात आला. पण कोकणात हेक्टर कोणापाशी आहे? तेथे वाडी गुंठ्यांत मोजतात, तिच्यात भावाभावांचे हिस्से, सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्यांची नावे, आणि त्याच दहा गुंठ्यांत नारळाखाली पोफळ, पोफळीखाली जायफळ, तिच्यावर मिरीचा वेल. घाटावरच्या एका पिकाच्या शेतासाठी घडविलेले माप या वाडीला लावले, तर ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या हाती चार-पाच हजार रुपये पडतात, आणि कायद्याप्रमाणे कोणावरही अन्याय झालेला नसतो. ओरड झाली, पुढे सुपारी-नारळाच्या बाबतीत झाडागणिक मदत देण्याचे तत्त्व सरकारने पत्करले. रकमेविषयी वाद घालता येईल, आणि घातला पाहिजे. पण माप बदलले, ही लहान गोष्ट नाही. जे प्रोव्हिदेन्सियात कोणी केले नाही, ते येथे अर्धेमुर्धे का होईना झाले.

उरलेले अर्धे काम आहे ते वादळापूर्वीचे. निसर्गानंतर तलाठी वाडीत पोहोचेपर्यंत पडलेली झाडे तोडून वाट मोकळी करावीच लागली, कारण वाट नसली तर आजाऱ्यास बाहेर कसे न्यावयाचे. आणि झाड हलले की पुरावा गेला. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी चालू आहे, तीत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद करतो. त्याच नोंदीत दर वर्षी मे महिन्यापूर्वी वाडीतील पोफळी किती, माड किती, कलमे किती, त्यांची वये काय, आणि कोळीवाड्यात होड्या व जाळी किती, हे ग्रामपंचायतीच्या साक्षीने चढवून ठेवले, आणि भरपाईच्या वेळी तीच यादी पंचनाम्याच्या जागी ग्राह्य धरली, तर वादळानंतरच्या अर्ध्या खेपा वाचतील. जी झाडे यादीवर आहेत, त्यांच्यासाठी विम्याचा हप्ता कोणी किती भरावा हेही मग बोलता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. महसूल खात्याचा एक आदेश पुरेल, आणि तो पुढल्या पावसाळ्याच्या आत निघावा.